मुखडा सगळ्यांना पाठ, कडवं कुणालाच नाही

सध्या काय ऐकतोयस, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: अर्धी अर्धी गाणी. शिरूर कासारच्या बसस्टँडवर दहा मिनिटं उभे राहा. आजूबाजूच्या मोबाईलमधून पंधरा-वीस गाणी कानावर पडतील आणि त्यातलं एकही संपणार नाही. अंगठा वर सरकतो, चालू गाणं तुटतं, पुढचं लागतं. तुटण्याची जागा मात्र ठरलेली असते. मुखडा झाला, ठेका अंगात भिनला, आता कडवं सुरू होणार, तेवढ्यात खेळ खल्लास.

गेल्या दोन-तीन महिन्यांत मी जे ऐकलं त्याबद्दल हे लिहितोय, आणि सगळ्या गाण्यांना एकच प्रश्न विचारतोय: याचं कडवं काय म्हणतं? आपल्याकडच्या गाण्यात मुखडा बोलावणं करतो आणि कडवं गोष्ट सांगतं. बोलावणं उरलं आणि गोष्ट गेली, तरी गाणं चालतं. जोरात चालतं. पण काही गोष्टी अशा असतात की त्या मुखड्यात मावत नाहीत. आमच्या तालुक्याकडं तशा गोष्टी ढिगानं आहेत.

आधी इकडची थोडी खबरबात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं दाणादाण उडवली, सिंदफणेला पूर आला, शेतातली माती खरवडून गेली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. आमच्या तालुक्यातल्या रायमोहाला आता स्टेशन आहे. ज्या रेल्वेच्या नावानं आजोबांच्या पिढीनं आंदोलनं केली, तिच्यात मी खिडकीला डोकं लावून, कानात इअरफोन घालून बसतो. आणि दिवाळी झाल्यावर दरवर्षीसारख्या टोळ्या गेल्या. गल्लीतली निम्मी घरं कुलपात आहेत. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि माझ्यासारखे अभ्यासिकेत बसून भरतीची वाट बघणारे. गाव असं शांत झालं की गाणी जास्त ऐकू येतात.

वरातीतली दोन गाणी

सुरुवात सोप्या गाण्यांपासून करू. लग्नसराईत डीजेवाल्याला दोन गाणी लावावीच लागतात: 'झिंगाट' आणि 'गुलाबी साडी'. दोन्ही मला आवडतात, आणि दोन्ही मी पूर्ण ऐकलेली असतात ती वरातीबाहेरच.

'गुलाबी साडी' २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला पोरगा, संगीत जी-स्पार्कचं. मागे मोठी फिल्म नाही, मोठा हिरो नाही. तरी ते गाणं मराठी न कळणाऱ्यांच्या फोनमध्येही शिरलं. त्याच्या मुखड्यात एक गंमत आहे, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. आपल्या गाण्यांत बाईचं वर्णन बहुतेक वेळा पुरुष करतो. तिचं चालणं, तिचा नखरा, तिचे डोळे. इथं ती स्वतःच सांगते की मी भारी दिसतेय, माझा फोटो काढ. म्हणून उसाच्या फडातल्या बायांनीही त्यावर रील केली. डोक्याला फडकं, हातात कोयता, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, आणि तरी 'बघ माझ्याकडं' असा तोरा. असा मुखडा लिहिणं हे सोपं काम नाही, त्यामुळं मुखड्याला कमी लेखायचा माझा इरादा नाही. पण मुखड्यानंतर हे गाणं कुठं जातं? कुठंच जात नाही. कडवी त्याच लाडात गोल फिरतात. हे गाणं रीलसाठी कापलं तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण आत कापण्यासारखं फार नाही.

'झिंगाट'चं उलटं आहे. २०१६ च्या 'सैराट'मधलं हे गाणं अजय-अतुलनं असं बांधलंय की बँडवाल्याला ते जन्मापासून येत असावं असं वाटतं. पण त्याची कडवी नीट ऐका. लग्नाला उतावळा झालेला एक पोरगा अंगावर तिचं नाव गोंदवून, मित्र गोळा करून निघालाय. तो जितका उड्या मारतो तितकं आपल्याला हसू येतं आणि तितकीच त्याची काळजीही वाटते. सिनेमात हे गाणं येतं ते वाढदिवसाच्या पार्टीत, आणि त्यानंतर लगेच त्या दोघांचं सगळं उघडं पडतं. म्हणजे तो नाच हा त्यांचा शेवटचा निवांत आनंद आहे. नागराज मंजुळेंनी गाण्याच्या पायाखाली खड्डा खणून ठेवलाय. वरातीत आपण फक्त वरची फळी वापरतो. आणि ज्या वरातीत ते वाजतं, तिथं नवरा-नवरी एकाच जातीतले असतात, हे बघून मला दरवेळी कसंतरी होतं. मुखड्यावर सगळे नाचले, कडव्यातल्या पोराचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

पंधरा सेकंद आणि अर्धा तास

यात रीलला सगळा दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण यंत्रानं गाण्याला कापणं नवं नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. रात्र रात्र चालणारी गाणी त्या तीन मिनिटांत कोंबावी लागली. तरी गाणाऱ्यांनी मुखडा, दोन-तीन कडवी आणि परत मुखडा असा संसार त्यात बसवला. पुढं कॅसेट आली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालायची, तेव्हा शाहिरांना आणि कव्वालांना पाय पसरायला जागा मिळाली. २०२० च्या जुलैमध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यावर लगेच, इन्स्टाग्रामनं भारतात रील आणलं तेव्हा त्याची मर्यादा होती पंधरा सेकंद. आता ती बरीच वाढलीय. सवय मात्र पंधरा सेकंदांचीच राहिली.

तबकडीनं गाणं आखूड केलं, पण गोष्ट ठेवली. पंधरा सेकंदांनी गोष्टच काढून टाकली. शिवाय नवं गाणं लिहितानाच आता त्या पंधरा सेकंदांचा विचार आधी होतो. कडवं हे भरताड झालं. गाणं बनवणारा ते लिहितो कारण लिहावं लागतं.

कीर्तनाचंही हेच. भगवानगडाच्या परिसरात वाढलेल्या माणसाला कीर्तन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एक अभंग घ्यायचा, त्याचं ध्रुवपद टाळकऱ्यांनी उचलून धरायचं, आणि बुवांनी एकेक चरण सोडवत दोन तास न्यायचे. ध्रुवपद परत परत येतं, पण दर वेळी नव्या चरणावरून फिरून येतं, म्हणून त्याचा अर्थ वाढत जातो. मोबाईलवर त्या दोन तासांतला फक्त विनोद पोचतो. सून-सासूचा टोमणा, टाळ्या, संपलं. माझ्या वयाच्या कित्येकांना बुवांचे विनोद पाठ आहेत. त्या दिवशी अभंग कुठला घेतला होता, ते विचारा.

भाकरीचं ताट

पहाटे गावातल्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदे लागतात. 'पाऊले चालती पंढरीची वाट'. गीत दत्ता पाटलांचं, संगीत विठ्ठल शिंदे यांचं. हे गाणं मला इतकं ओळखीचं होतं की मी ते कधी ऐकलंच नव्हतं. पंढरी, वाट, पाऊल, एवढं कानावर आलं की पुढं कान आपोआप मिटायचे.

या हिवाळ्यात गल्ली रिकामी असताना एका पहाटे ते शेवटपर्यंत ऐकलं. मुखडा वारीचा आहे, भक्तीचा आहे, त्यात नवल नाही. पण कडवी कशाबद्दल आहेत? दारिद्र्यानं गांजलेल्या माणसाबद्दल, रिकाम्या ताटाबद्दल, आणि अडचणीत पाठ फिरवणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल. माणूस पंढरीला का निघतो, तर घरात भाकरी नाही आणि विचारायला कुणी नाही म्हणून. प्रल्हाद शिंदेंचा आवाज मुखड्यावर उंच जातो आणि कडव्यात जरासा खाली येतो, ओट्यावर बसून कुणीतरी घरचं सांगावं तसा. मुखडा ऐकला तर भक्तिगीत. कडव्यासकट ऐकलं तर उपाशी माणसाचं गाणं.

आमच्याकडून पावलं निघतात ती बहुतेक कारखान्याच्या वाटेला. कारण तेच, रिकामं ताट. तो भोंगा ऐकत म्हातारी माणसं ओसरीवर बसलेली असतात, आणि मला वाटतं, त्यांना ही कडवी माहीत असतात. पहाटे भोंग्याला कुणी 'बंद करा' म्हणत नाही, त्याचं कारण फक्त भक्ती नसावी.

याच आवाजानं भीमगीतंही गायली. देवळाच्या भोंग्यावर प्रल्हाद शिंदे आणि चौदा एप्रिलला निळ्या झेंड्याखालीही प्रल्हाद शिंदे. भीमगीतांच्या परंपरेत कडव्याला मुखड्याइतकाच मान आहे, आणि तो वामनदादा कर्डकांसारख्या लिहिणाऱ्यांनी मिळवून दिला. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कामाला आले आणि अक्षरं मोठेपणी शिकले. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं अशा लोकांपर्यंत बाबासाहेब पोचवायचे होते, तेव्हा मुखडा लोकांनी म्हणायचा आणि कडव्यानं शिकवायचं, अशी सरळ वाटणी होती. २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. एक कडवं लिहिणारा, एक ते पोचवणारा, सव्वा महिन्याच्या अंतरानं.

मैना गावात राहिली होती तेव्हा

रेल्वेत बसून सर्वांत जास्त ऐकलं ते 'माझी मैना गावावर राहिली'. अण्णा भाऊ साठेंची ही छक्कड, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. अमर शेखांनी ती गाजवली, विठ्ठल उमपांनीही गायली. नाव ऐकून कुणालाही वाटेल की प्रेमाचं गाणं आहे, आणि सुरुवात तशीच आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला माणूस बायकोला आठवतोय. तिचं रूप, तिचा निरोप, त्याची घालमेल. डफ वाजतोय, मागून झीलकरी सूर ओढतायत. इथंच थांबलं तर मस्त रील होईल.

पण अण्णा भाऊ थांबत नाहीत. कडव्यामागून कडवं, तो माणूस मुंबईत शिरतो. एकीकडं माड्या, एकीकडं रस्त्यावर झोपणारे. तो काम शोधतो, धक्के खातो, आणि हळूहळू एकट्याचं दुःख सगळ्या कामगारांचं होतं. शेवटी बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं येतात. गावाकडं राहिलेली मैना आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख एका ओळीत येऊन बसतात. मुखड्याचे शब्द तेच असतात, पण पहिल्यांदा म्हटले तेव्हा त्यांचा अर्थ एक होता, शेवटी म्हणताना पार वेगळा झालेला असतो. कडव्याची ताकद म्हणतात ती ही. ते मुखड्याला बदलून टाकतं.

ऐकताना अडलो तो मात्र दुसऱ्याच ठिकाणी. अण्णा भाऊंच्या गाण्यात पुरुष जातो आणि बाई गावात राहते. बीडच्या ऊसतोडीत मैना गावात राहत नाही. इथं उचल मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटी बाई किंवा एकटा गडी म्हणजे 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत माणसाचं नाव हत्याराच्या नावानं लिहिलं जातं, आणि लग्न हा हिशेबाचा भाग होतो. गावावर राहतात ती पोरं आणि म्हातारे. म्हणजे आमच्या विरहाचं गाणं वेगळं आहे. ते नवऱ्यानं बायकोसाठी म्हणायचं नाही. ते आजीनं म्हणायचंय, किंवा पाचवीतल्या पोरीनं.

सिंदफणेच्या खालच्या अंगाला

आजीनं म्हणण्याचा विषय निघाला म्हणून ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉईतवॅं यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, एक लाखाहून अधिक. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. कुणीही, फुकट, मोबाईलवर. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांच्या ओव्या आहेत, १९९६ साली रेकॉर्ड केलेल्या. आमच्या शिरूरवरून वाहणारी सिंदफणा पुढं माजलगावच्या धरणात अडते, त्यामुळं ते आवाज मला शेजारचेच वाटले. बाबासाहेबांना त्या बाया घरातलं माणूस असल्यासारखं बोलावतात. पुतळ्यातले, फोटोतले बाबासाहेब त्यात नाहीत. दारात आलेला भाऊ आहे.

ओवीला मुखडाच नसतो. दोन ओळी, त्या घोळवून म्हणायच्या, आणि दुसरी ओवी. नाचायला काही नाही, पकडायला ठेका नाही, ठेका जात्याचा. ती सगळी कडवीच कडवी. बाईला कुणी बोलावायचं नव्हतं, गर्दी जमवायची नव्हती. पहाटेच्या अंधारात तिला फक्त सांगायचं होतं. म्हणून सासर, माहेर, भूक, भाऊ, मार, विठ्ठल, सगळं त्यात आलं, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं तेसुद्धा.

मी आजीला त्या ओव्या ऐकवल्या. दोन-तीन ऐकून ती म्हणाली, "ह्यातली एक आमी म्हनायचो, पर आसं न्हाई, येगळी." मग म्हण म्हटलं तर तिला दोनच आठवल्या. "आरं, हातात खुटा न्हाई तर व्हटावर कशी यील?" मी ताबडतोब मोबाईल काढला होता, तो तसाच हातात राहिला. गाणं ज्या कामाला चिकटलेलं होतं ते काम गेलं, आता गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात कुणी गात नाही. फडात मात्र अजून काम हातानंच होतं. मग फडात काय गातात, असं मी दिवाळीत सुट्टीवर आलेल्या चुलतीला विचारलं. ती हसली. "गायाला दम ऱ्हायला पाहिजे ना. टेक्टरवर लावत्यात ते आयकायचं."

रॅपनं कडवं परत आणलं, पण

ट्रॅक्टरवर रॅप फारसं वाजत नाही. माझ्या इअरफोनमध्ये मात्र वाजतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, जो स्वतःच्या नावातला 'सौ' आकड्यात लिहून १००आरबीएच होतो, तो वऱ्हाडीत रॅप करतो, आणि ऐकताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की, या माणसाकडं सांगायला भरपूर आहे. रॅप म्हणजे जवळजवळ सगळं कडवंच. शब्दावर शब्द, श्वास घ्यायला जागा नाही. गावाकडची बोली प्रमाण मराठीची माफी न मागता उभी राहते, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या बीडच्या बोलीतही हे व्हायला हवं.

एक अडचण मात्र आहे. कडवं इतकं दाट होतं की सोबत कुणाला म्हणता येत नाही. अण्णा भाऊंच्या छक्कडीत झीलकऱ्यांना जागा होती, भीमगीतात कोरसला, कीर्तनात टाळकऱ्यांना. चुलती रॅप ऐकेल, कौतुकही करेल, पण त्यात तिचा सूर कुठं घालायचा? डीजेनं सगळ्यांना आत घेतलं आणि काही सांगितलं नाही. रॅप खूप सांगतं, पण म्हणणारा एकटाच राहतो. गाण्याला बोलावणंही पाहिजे आणि गोष्टही.

अर्धा कोयता

ऊसतोड कामगारांवर गाणी नाहीत असं नाही. यूट्यूबवर शोधलं तर बरीच सापडतात, आणि या महिन्यात मी ती एका बैठकीत ऐकली. बहुतेकांचा साचा एकच. ड्रोननं वरून घेतलेला हिरवा फड, रडवेला मुखडा, 'किती हे हाल' असा सूर. मुखडा कीव करतो. कडवंही कीवच करतं. मुकादम कुठं नाही, उचल नाही, खाडा नाही, रात्री-बेरात्री गाडी भरणं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. त्यासाठी संप झाला, बैठका झाल्या. पण एकाही गाण्यात मला तो आकडा सापडला नाही. वाढं विकून बाईच्या हातात येणारे चार पैसे नाहीत. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. खाडा पडू नये म्हणून, पाळीचा त्रास नको म्हणून बाया ऑपरेशनला तयार झाल्या. ती गोष्ट पंधरा सेकंदांत कशी सांगणार? तिला कडवं लागतं. चार कडवी लागतात, आणि प्रत्येक कडव्यानंतर मुखडा थोडा बदललेला ऐकू यायला लागतो.

कीव करणारं गाणं आणि नाव घेणारं गाणं, यात मला नाव घेणारं बरं वाटतं. अण्णा भाऊंनी निपाणीचं नाव घेतलं. भीमनगरच्या बायांनी बाबासाहेबांना नावानं हाक मारली. कीव ऐकून माणूस हळहळतो आणि अंगठा वर सरकवतो. नाव ऐकलं की थांबतो, कारण ते नाव त्याच्या ओळखीचं असतं.

हे गाणं लिहील तो बहुधा माझ्यासारखा अभ्यासिकेत बसलेला नसेल. ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर बसून जी पोरगी लहानपणी कारखान्याला गेली, जिनं पुढं शाळा पुरी केली आणि जिच्या हातात आता मोबाईल आहे, तिच्याकडून मला जास्त आशा आहे. मुखडा तिला फार शोधावा लागणार नाही. 'अर्धा कोयता' हे दोन शब्द ठेक्यात बसतात, दहा जणांना एकदम म्हणता येतात आणि ट्रॅक्टरवरही वाजतील. पाडव्याला टोळ्या परततील तेव्हा चुलतीला पुन्हा विचारणार आहे, पण या वेळी गाण्याबद्दल नाही. पहाटे किती वाजता उठलीस, मोळी किती किलोची, गाडी किती वाजता भरली, मुकादमानं किती कापले, एवढंच विचारून लिहून ठेवणार आहे. कडव्याचा कच्चा माल तोच असतो.